एका मुक्कामाचं बिल

(मंडळाच्या मदतनिधी स्नेहभोजनात, ॲन आर्बर येथे, आम्ही दोघांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने आम्हाला "पंधरा मिनिटं बोला" असं सांगितलंय. आमच्या घरी पंधरा मिनिटांत जेमतेम चहा होतो, त्यामुळे थोडं मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या. मसालेभाताचा वास आम्हालाही येतोय, तेव्हा फार ताणणार नाही.

आजचा निधी गावाकडच्या शेतकरी कुटुंबांतल्या मुलांच्या शिक्षणासाठी आहे. त्या निमित्ताने आम्ही तुम्हाला शेतावरच्या एका रात्रीची गोष्ट सांगणार आहोत. रिसॉर्टची नव्हे. जिथे खरोखर शेती चालते, जिथे पहाटे धार काढतात, तिथल्या एका मुक्कामाची, आणि त्या मुक्कामाच्या बिलाची.

सुरुवात इथूनच करू. सप्टेंबर-ऑक्टोबर आला की आपण काय करतो? मुलांना गाडीत घालतो आणि सफरचंदाच्या बागेत जातो. झाडावरची फळं आपणच तोडायची, आपणच पिशवी उचलायची, आणि वर त्याचे दुकानापेक्षा जास्त पैसे द्यायचे! मग ट्रॅक्टरमागच्या गवताच्या गाडीतून एक चक्कर, गरम डोनट, सायडर... आणि खूश होऊन घरी. सासूबाई पहिल्यांदा इथे आल्या तेव्हा त्यांना हा प्रकार समजावून सांगताना आमची फार तारांबळ उडाली. त्या म्हणाल्या, "म्हणजे मजुरी पण तुम्हीच केली आणि पैसे पण तुम्हीच दिले?" उत्तर नव्हतं.

केरीटाऊनमधला आपला फार्मर्स मार्केट १९१९ पासून भरतो. तिथे टोमॅटो महाग असतात हे आपल्याला ठाऊक असतं, तरी आपण घेतो, कारण पिकवणारा समोर उभा असतो.

आणखी एक गोष्ट आपल्यापैकी बरेच जण विसरलेत. नोव्हेंबर २००३ मध्ये ॲन आर्बरच्या मतदारांनी स्वतःवर तीस वर्षांसाठी एक कर लावून घेतला. अर्धा मिल, म्हणजे घराच्या करपात्र किमतीच्या दर हजार डॉलरमागे पन्नास सेंट. त्या पैशातून शहरातल्या बागांसाठी जागा घेतात, आणि शहराभोवतीच्या शेतजमिनींवरचे बांधकामाचे हक्क विकत घेतात. जमीन शेतकऱ्याचीच राहते, तोच ती कसतो, फक्त तिथे कधी वसाहत उभी राहू शकत नाही. ह्यालाच आपण ग्रीनबेल्ट म्हणतो. त्या वेळी आम्हाला मत नव्हतं, आम्ही ग्रीन कार्डाच्या रांगेत उभे होतो. कर मात्र तेव्हापासून भरतोय. एकदा बिल नीट वाचलं तेव्हा लक्षात आलं, की डेक्स्टरकडच्या अनोळखी शेतकऱ्याची जमीन टिकावी म्हणून आम्ही वर्षानुवर्षं पैसे देतो आहोत. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता थोडं इटलीला जाऊ. २०१९ च्या सप्टेंबरात लग्नाच्या पंचविशीनिमित्त आम्ही तिकडे गेलो होतो. रोम झालं, फ्लोरेन्स झालं, पाय दुखून आले. मग उम्ब्रियात, तोदी गावाजवळ, एका शेतकरी कुटुंबाकडे एक रात्र राहिलो. दगडी घर, समोर ऑलिव्हची झाडं, मागे द्राक्षांच्या ओळी, खाली मेंढ्या. रात्रीचं जेवण यजमानांच्या लांब टेबलावर, त्यांच्याच घरच्या सगळ्यांबरोबर. तेल त्यांचं, वाईन त्यांची, चीज शेजाऱ्याचं. पास्ता यजमानीणबाईंच्या आईने लाटलेला. पंच्याऐंशीच्या पुढच्या त्या आजी आपल्याकडे शेवया करतात तशा मन लावून करत होत्या. आम्ही शाकाहारी म्हटल्यावर त्यांनी वाटाण्यासारखं काहीतरी शिजवून समोर ठेवलं आणि आम्ही जेवेपर्यंत तिथून हलल्या नाहीत. भाषा कळत नव्हती, पण "अजून घ्या, अजून घ्या" कुठल्याही भाषेत कळतं.

सकाळी सातला आम्ही बाहेर आलो तर यजमान ट्रॅक्टरवर. द्राक्षांची तोडणी सुरू होती. आमच्यासाठी थांबायला त्यांना वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर तेच आम्हाला आवडलं. तिथे आमच्यासाठी नाटक चाललेलं नव्हतं. दुपारी निघताना बाईंनी हातात बिल ठेवलं. छापील, करासकट. त्यांनी ते हसत दिलं, आम्ही हसत भरलं. कोणालाही संकोच वाटला नाही.

त्यांच्या मुलाला चांगलं इंग्रजी येत होतं. त्याने सांगितलं, की त्याचे आजोबा दुसऱ्याची जमीन अर्ध्या वाट्याने कसायचे. त्या पद्धतीला तिकडे मेझाद्रिया म्हणत. आपल्याकडच्या अर्धेलीसारखीच, की हो! १९६४ च्या कायद्याने असे नवे करार करायला बंदी आली. पण तोवर तरुण मुलं मिलान आणि तुरिनच्या कारखान्यांकडे निघाली होती. घरं ओस पडत होती. शेतकऱ्यांच्या मोठ्या संघटनेने १९६५ मध्ये शेतावरच्या मुक्कामांसाठी एक संस्था काढली आणि १९८५ मध्ये देशाने त्यासाठी कायदाच केला. २००६ मध्ये तो सुधारून नवा आला. त्याचं मर्म एका वाक्यात सांगता येईल : पाहुणे ठेवायचा हक्क शेतकऱ्याला, पण शेती हाच मुख्य धंदा राहिला पाहिजे. शेत बंद करून नुसतं हॉटेल चालवलं तर ते ह्या नावाखाली चालत नाही.

परतीच्या विमानात आम्ही दोघं त्यावर खूप बोललो. केवढं कौतुक केलं! आणि त्या कौतुकात आपलं स्वतःचं गाव आमच्या एकदाही तोंडात आलं नाही, हे आज सांगायला लाज वाटते.

आमचं गाव जुन्नर तालुक्यात, नारायणगावपासून जवळ. थोरले दादा आणि वहिनी तिथे शेती करतात. साडेसहा एकर, थोडा ऊस, कांदा, टोमॅटो, दोन संकरित गाई. १९९६ साली आम्ही इथे आलो. त्यानंतर दर दोन वर्षांनी भारतात जायचं, आणि गेलो की चार-पाच दिवस गावाला जायचंच. मुलांना गाय दाखवायची, विहिरीत पोहायचं, हुरडा खायचा, पिठलं-भाकरी खायची, आणि निघताना शेंगा, गूळ, काळा मसाला, पापड ह्यांनी बॅगा भरायच्या. "काय शांत वाटतं इथे!" असं म्हणायचं आणि पुण्याला परत यायचं. आम्हाला शांत वाटत होतं, कारण वहिनी चार वाजता उठत होत्या.

रिकाम्या हाताने कधी गेलो नाही बरं का! चॉकलेटं नेली, बदाम नेले, परफ्यूम नेली. वहिनींच्या ट्रंकेत अजून सात बाटल्या आहेत, सील न फोडलेल्या.

मग २०२३ साल आलं. कांद्याचं काय झालं ते तुम्ही वाचलं असेल. त्या फेब्रुवारीत सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा विकला आणि सगळी कपात होऊन त्याच्या हातात दोन रुपयांचा चेक पडला. बातमी जगभर गेली. आमच्या घरची अवस्था तितकी वाईट नव्हती, पण गाडीभाडं आणि मजुरी वजा जाता उरलं फारसं नाही. त्यातच पुणे-नाशिक रस्त्याकडेच्या जमिनी प्लॉट पाडायला घेणारे लोक दारात यायला लागले. धाकट्या बहिणीला तिच्या हिश्श्याची गरज होती, आणि तो तिचा हक्कच आहे. दादा थकलेले. शेवटी फोन आला, "विकून टाकू या. तुम्ही तेवढं मुखत्यारपत्र करून पाठवा."

आम्ही "बरं" म्हटलं. इतकं सोपं होतं ते. मसुदा छापून फ्रिजवर मॅग्नेटखाली लावला, नोटरीकडे जायला वेळ मिळाला की जाऊ म्हणून. एक गोष्ट आम्हाला ठाऊक होती : परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना भारतात शेतजमीन वारशाने मिळू शकते, ती ठेवता येते, पण विकत घेता येत नाही. म्हणजे एकदा गेली की गेली. तरी त्या कागदाकडे बघत आम्ही रोज दूध काढत होतो, कॉफी करत होतो. आणि त्याच काळात घराच्या कराचं बिल आलं. डेक्स्टरकडच्या कुणाची तरी जमीन विकली जाऊ नये म्हणून आम्ही चेक लिहिला, आणि फ्रिजवर आपली जमीन विकायचा कागद. ज्याचं त्याने समजून घ्यावं!

त्याच सुमारास पुतण्याचा फोन आला. तो कृषी पदविका करून घरीच राहिलाय. म्हणाला, "काका, काकू, सही करायच्या आधी एकदा येऊन ऱ्हावा. गोठ्याशेजारी दोन खोल्या बांधल्यात. शनिवार-रविवार पुण्या-मुंबईचे लोक येत्यात. पण येणार असाल तर बुकिंग करून या. घरच्यांना सूट नाय."

आम्ही हसलो. तो हसला नाही.

जानेवारी २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात आम्ही गेलो. दोन माणसं, एक रात्र, माणशी चौदाशे रुपये, जेवण-नाश्त्यासकट. खोलीत शहाबादी फरशी, स्वच्छ चादरी, बाहेर पाणी तापवायला बंब. आमच्याबरोबर ठाण्याचं एक कुटुंब होतं, त्यांना आम्ही कोण ते सांगितलेलं नव्हतं. संध्याकाळी शेतात आगटी पेटवली. गूळभेंडीची कणसं निखाऱ्यात भाजायची, हातावर चोळायची, पाखडून गरम दाणे पुढ्यात. सोबत शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ. ठाण्याच्या छोट्या मुलीने विचारलं, "हे पॉपकॉर्न का फुटत नाही?" दादांनी तिला कोवळा दाणा आणि पिकलेला दाणा ह्यांतला फरक दाखवला. पंचवीस वर्षं आम्ही तिथे हुरडा खाल्ला, आम्हाला कधी कोणी हे सांगितलं नव्हतं, कारण आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

रात्री साडेनऊला पुतण्याने सूचना दिली, की अंधारात एकट्याने बाहेर पडायचं नाही, उसात बिबट्या आहे. जुन्नरला हे काही पर्यटकांना घाबरवायचं निमित्त नाही, रोजचं आहे. आम्ही झोपलो. रात्री दोनला बॅटरीचा उजेड दिसला म्हणून दार उघडलं, तर दादा काठी घेऊन निघाले होते. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती. गव्हाला दारं धरायची होती. त्याच बिबट्याच्या अंधारात, सदुसष्टाव्या वर्षी.

"रोज असंच?"

"आठवडा रातचा, आठवडा दिवसाचा. तुम्ही झोपा, थंडी हाये."

झोप कसली येतेय! आम्ही मफलर गुंडाळून त्यांच्या मागे बांधावर जाऊन बसलो. पाणी वाफ्यात शिरताना येणारा आवाज, ओल्या मातीचा वास, वर लख्ख चांदणं. निवांत वाटत होतं, ते खोटं कशाला सांगू? पण आमच्या आयुष्यात पहिल्यांदा त्या निवांतपणामागे उभं असलेलं काम आम्ही जागं राहून बघत होतो. दादा वाफा मोडत होते आणि बोलत होते. डिसेंबरमध्ये निर्यातबंदी आली तसा रांगडा कांदा पडला. कांद्याचा भाव दिल्लीत ठरतो, पाऊस आभाळात ठरतो. "आपल्या हातात ठरणारी एकच गोष्ट आता दारात आलीये," ते म्हणाले, "खोलीचं भाडं."

सकाळी निघताना आम्ही पैसे काढले आणि खरा तमाशा सुरू झाला. वहिनी स्वयंपाकघरातून धावत आल्या. "घरच्या माणसाकडनं पैसं घ्यायचं? लोक तोंडात शेण घालतील! ठेवा ते खिशात!" पुतण्या वही घेऊन उभा. तो म्हणाला, "आई, घरचीच माणसं फुकट येऊन येऊन..." आणि थांबला.

कोणीच काही बोललं नाही. गाय हंबरली तेवढंच.

त्याने वाक्य पुरं केलं नाही, पण आम्ही गाडीत पुरं केलं. कागद घेऊन हिशोब मांडला. १९९६ पासून चौदा फेऱ्या. दर फेरीला चार माणसं, पाच दिवस. दोनशे ऐंशी मुक्काम. चौदाशेच्या दराने तीन लाख ब्याण्णव हजार रुपये. पाच हजार डॉलरच्या आत. इटलीच्या त्या एका सहलीला ह्याहून जास्त लागले होते!

नात्याचं बिल होत नाही, हे आम्हालाही कळतं. वहिनींनी आमच्या मुलाला ताप आला तेव्हा रात्रभर पट्ट्या ठेवल्या, त्याला दर लावायचा नसतो. पण प्रेम फुकट असतं म्हणून कष्टही फुकट, असं आपण परस्पर ठरवून टाकलं होतं. इटलीतल्या बाईंनी बिल दिलं तेव्हा ते आम्हाला सुसंस्कृत वाटलं. पुतण्याने दिलं तेव्हा मनात पहिल्यांदा आलं, "हा कसा बदलला!" हे असं का होतं, ते आपण आपल्याशीच विचारायला हवं.

ही वाट काही आमच्या पुतण्याने शोधलेली नाही. नेरळजवळ सगुणा बाग आहे. अमेरिकेत शिकून शेतीसाठी परत गेलेल्या चंद्रशेखर भडसावळ्यांनी ती कित्येक वर्षांपूर्वी पाहुण्यांना खुली केली. बारामती भागात पांडुरंग तावरे ह्यांनी २००५ च्या सुमारास कृषी पर्यटनाचं काम संघटितपणे सुरू केलं आणि कितीतरी शेतकऱ्यांना त्याचं प्रशिक्षण दिलं. २०१८ मध्ये जुन्नर तालुका विशेष पर्यटन क्षेत्र म्हणून जाहीर झाला, आणि २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारचं कृषी पर्यटन धोरण आलं, त्यात अशा केंद्रांची रीतसर नोंदणी करता येते.

पण ह्याने सगळं ठीक होतं असं समजू नका. रस्ता नसलेल्या, पाणी नसलेल्या गावात कोण जाणार? सगळ्यांनीच खोल्या बांधल्या तर पाहुणे कुठून आणायचे? आणि मुख्य म्हणजे पाहुण्यांचं काम पडतं कोणावर? दहा माणसांच्या भाकरी वहिनीच थापतात. हे आम्ही पुतण्याला स्पष्ट विचारलं. त्याने भिंतीवरचा क्यूआर कोड दाखवला. पैसे वहिनींच्या खात्यात जातात, आणि मदतीला गावातल्या दोन बायका रोजाने येतात. वहिनी म्हणाल्या, "पहिल्यांदा माझ्या नावावर मेसेज आला, तवा मी तो तीनदा वाचला." आमचे पैसे मात्र त्यांनी त्या दिवशी शेवटपर्यंत घेतले नाहीत. आम्ही ते वहीत ठेवून आलो. पुतण्याने पावती व्हॉट्सॲपवर पाठवली.

फ्रिजवरच्या कागदाचं काय झालं? त्यावर सही केली नाही. २०२५ च्या जानेवारीत आम्ही जाऊन आमचा हिस्सा हक्कसोडपत्राने दादांच्या नावे सोडला. ह्यात मोठेपणा काही नाही. जमीन त्यांनी कसली, आम्ही नुसतं नाव लावलं होतं. बहिणीच्या हिश्श्याचा प्रश्न अजून पुरता मिटलेला नाही. तिने थांबायची तयारी दाखवलीय, पण ती थांबतेय हे आम्ही कोणी विसरत नाही. पुढच्या दोन हंगामांत काय होतं ते बघायचं. सातबाऱ्यावर आता आमचं नाव नाही. तिथे आम्ही पाहुणे. बुकिंग करून जाणारे.

मंडळी, तर आमची विनंती दोन गोष्टींची. पुढच्या वेळी भारतात जाल तेव्हा एक रात्र एखाद्या चालत्या शेतावर काढा. आधी कळवून जा, घासाघीस करू नका, आणि रात्री लाईट कधी येते ते विचारा. आपल्याच गावाला गेलात तर एकदा स्वतःचा हिशोब मांडून बघा.

दुसरी गोष्ट आजचीच. टेबलावर पाकिटं ठेवली आहेत. त्यावर मंडळाने "देणगी" असं छापलंय, छान आहे. पण ज्यांच्या घरी आपण हुरडा खाल्ला, ज्यांच्या विहिरीत आपली मुलं पोहायला शिकली, त्यांच्या नातवंडांच्या शाळेसाठी पैसे द्यायचे आहेत. आम्ही आमच्या पाकिटावरचा तो शब्द पेनने खोडलाय आणि वर लिहिलंय, "बाकी". तीन लाख ब्याण्णव हजारांतला हा पहिला हप्ता.

आता जेवायला चला. वाढणाऱ्या मंडळींनाही बसायला सांगा, नाहीतर आमचं भाषण फुकट गेलं असं म्हणावं लागेल!